बायबलबाईची पिशवी

माझी आजी बायबलबाई होती. हा शब्द आता आमच्या नगरच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण मुलांनाही समजावून सांगावा लागतो. अमेरिकन मराठी मिशनच्या काळात गल्लीबोळांतून, खेड्यापाड्यांतून बायकांपर्यंत शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन जाणाऱ्या आमच्यातल्याच बायका म्हणजे बायबलबाया. मडमसाहेबांना जिथे ओट्यापर्यंतच जाता यायचं, तिथे या थेट चुलीपाशी जाऊन बसायच्या. आजीच्या खांद्याला खाकी कापडाची एक पिशवी असायची. पिशवीत शास्त्र, गीतांचं पुस्तक, चष्म्याची डबी आणि एका फडक्यात गुंडाळलेला सुईदोरा. सुईदोरा कशाला, हे मला लहानपणी कळायचं नाही. कुणाचं गुंडीचं काज उसवलेलं असेल, कुणाची गोधडी अर्धी राहिली असेल, तर बोलता बोलता हात चालू ठेवायला तो लागायचा.

मी सात-आठ वर्षांची असेन. तोवर आजीची नोकरी संपली होती, पण फिरणं संपलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्या मागे मागे जायची. एका घरी आम्ही गेलो तेव्हा ती बाई दारात ज्वारी निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं, सलाम केला आणि पुन्हा मान खाली घातली. आजी शेजारी टेकली, सूप अर्धं आपल्याकडे ओढलं आणि खडे वेचायला लागली. बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. खडा ताटलीत पडल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. मी कंटाळले. आजी विसरली असेल असं वाटून मी पिशवीतून शास्त्र काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते उचलून परत पिशवीत ठेवलं. पुष्कळ वेळानं त्या बाईनंच तोंड उघडलं. नवऱ्याचं काहीतरी होतं, मला समजलं नाही. ती थांबली की आजी फक्त म्हणायची, "मग?" उठताना आजीनं विचारलं, "प्रार्थना करू का गं?" बाईनं मान हलवली. प्रार्थना दोन वाक्यांची झाली.

वाटेत मी म्हटलं, "आजी, आज तू शास्त्र वाचलंच नाहीस."

"आज तिचं वाचायचं होतं," आजी म्हणाली.

पुढे मी नर्सिंग केलं, एका इस्पितळात तीस वर्षं काढली, आणि नोकरी संपायच्या आधीच लोक माझ्याकडे येऊ लागले. 'आध्यात्मिक मार्गदर्शन' हा शब्द छापील पत्रकात असतो. आमच्याकडे कुणी तो तोंडानं बोलत नाही. माणसं म्हणतात, "ताई, जरा तुमच्याजवळ बसायचं होतं." किंवा रात्री दहाला फोन येतो, "ताई, प्रार्थना करता का?" शुक्रवारी संध्याकाळी माझ्या घरी बायकांची प्रार्थनासभा भरते. दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचं पूर्ण सभासद होण्याच्या तयारीच्या, वर्गातली मुलं कधी एकेकटी येऊन बसतात. मी पाळक, म्हणजे मंडळीची धर्मगुरू, नाही, शिकलेली धर्मपंडित नाही. पण पिशवी माझ्याकडे आली आहे असं मला मनापासून वाटतं, आणि तिचं ओझं मला खरंच वाटतं.

पहिली कित्येक वर्षं मी हे काम चुकीचं केलं. मी तेव्हा शास्त्रातली वचनं सांगत सुटत होते. लहानपणीच्या रविवारच्या शब्बाथशाळेपासून ती पाठ, त्यामुळे कुणी दुःख सांगितलं की माझ्या जिभेवर वचन तयार असायचं. ताप आला की गोळी, तसं. समोरच्या बाईचं बोलणं संपायच्या आत मी मनात अध्याय आणि ओवी शोधून ठेवलेली असायची, म्हणजे तिच्या बोलण्याचा शेवटचा भाग मी ऐकलेलाच नसायचा. आणि शेवटचा भागच बहुतेक वेळा खरा असतो. वॉर्डातही पेशंट दाराकडे निघालेल्या डॉक्टरला म्हणतो, "आणि हां, अजून एक…" आणि त्या 'अजून एक'साठीच तो आलेला असतो.

आमच्या शुक्रवारच्या सभेतल्या एका बाईचा मुलगा मनमाड रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेवीस वर्षांचा. तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले, तिचे हात हातात घेतले आणि रोमकरांस पत्रातलं आठव्या अध्यायाचं वचन म्हटलं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, ते. वर माझ्या पदरचंही घातलं, की यात देवाची काही योजना असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हात सोडवून घेतले आणि म्हणाली, "चहा ठेवते." आत गेली. चहा आला नाही. बऱ्याच वेळानं तिची जाऊ बाहेर आली आणि म्हणाली, "तिला जरा पडू द्या." त्यानंतर ती सभेला आली नाही, रविवारी उपासनेलाही आली नाही.

ते वचन खोटं नाही. आजही माझा त्यावर विश्वास आहे. पण ते पत्र लिहिणाऱ्या पौलानं ते ज्यांना लिहिलं त्यांच्याबरोबर तोही सोसत होता. मी मात्र ते तिच्या मुलाच्या तिसऱ्या दिवशी, कोरड्या साडीत बसून म्हटलं. खरी गोष्ट चुकीच्या वेळी चुकीच्या तोंडातून आली तर ती दगडासारखी लागते, हे मला तिच्या हात सोडवण्यातून कळलं. इयोबाच्या पुस्तकात हे आधीच लिहून ठेवलं आहे. त्याचे तिघे मित्र आले, त्याला ओळखूही शकले नाहीत, मोठ्यानं रडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. तिथपर्यंत ते उत्तम मार्गदर्शक होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि अध्यायामागून अध्याय देवाची बाजू मांडत राहिले. शेवटी देव त्यांनाच म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. देवाशी भांडलेल्या इयोबाबद्दल तो तसं म्हणत नाही.

आठ महिन्यांनी मी पुन्हा तिच्या घरी गेले. शास्त्र नेलं नाही. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी खाली बसले आणि शेंगा फोडायला लागले. पहिल्या दिवशी पावसाबद्दल बोललो. दुसऱ्यांदा तिच्या गुडघ्याबद्दल. चौथ्या वेळी ती शेंगेकडेच पाहत म्हणाली, "ताई, मी देवाशी बोलत नाही." मी म्हटलं, "बरं." ती चिडली. "बरं काय? मला रागवा ना!" मी रागावले नाही. पुढच्या वेळी मात्र शास्त्र नेलं आणि तिला विचारून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. इतर बहुतेक गाऱ्हाण्याची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि बोटानं ओळी पुन्हा पाहिल्या. "हे शास्त्रात आहे?" तिनं विचारलं. "आमच्या पाळकसाहेबांनी हे कधी वाचलं नाही." तिचा आवाज थरथरत होता. आपल्यासारखंच कुणीतरी देवाला बोललं आहे आणि ते देवाच्याच पुस्तकात जपून ठेवलं आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. मी काही समजावलं नाही.

आमच्या मंडळ्यांमधली एक जुनी खोड इथे सांगितली पाहिजे. 'प्रार्थनेचा विषय' या नावाखाली माणसांची गुपितं गावभर होतात. "तिच्या घरी जरा अडचण आहे, प्रार्थना करा बरं का," असं म्हणत एकीचं दुःख चौघींकडे जातं आणि पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांच्या नजरेत ते दिसतं. हे मीही केलं आहे. एका मुलीनं मला एकटीला सांगितलेलं मी, नाव न घेता का होईना, सभेत मांडलं. नाव घ्यायची गरजच नव्हती, आमची मंडळी लहान आहे. ती मुलगी आता दुसऱ्या गावी असते, आणि तिनं मला माफ केलं की नाही हे मला विचारायचं धाडस झालेलं नाही. कॅथलिकांमध्ये प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे पापांची कबुली देताना, ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, जीव गेला तरी नाही. आमच्याकडे तसं कुलूप नाही. ते प्रत्येकानं स्वतःच्या तोंडाला लावून घ्यायचं असतं. माझ्याकडे येणाऱ्याला मी आता आधीच सांगते, हे माझ्या नवऱ्यालाही कळणार नाही.

आणि एक. प्रार्थनेनं बरं होईल म्हणून गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस कितीही मोठ्यानं हल्लेलूया म्हणो, मी त्याला मार्गदर्शक मानत नाही. फिट येणाऱ्या एका मुलाच्या आईला असंच कुणी सांगितलं होतं. तिच्या दारात बसून गोळ्या पुन्हा सुरू होईपर्यंत मी उठले नाही. त्या घरी मी सल्ला दिला, आणि तो मोठ्या आवाजात दिला. "देवानं मला तुझ्याबद्दल सांगितलं," असं कुणी म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो. देवाला तिच्याशी बोलायचं असेल तर तो तिच्याशी बोलेल.

नोकरीत असताना आमच्या वॉर्डात जेझुइट या कॅथलिक संघातले एक म्हातारे फादर होते. मांडीचं हाड मोडलेलं, दीड महिना खाटेवर. रात्रपाळीला ते जागेच असायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "फादर, तुम्ही लोकांना मार्ग कसा दाखवता?" ते म्हणाले, "आमच्या संस्थापकाचाही पायच मोडला होता." मग त्यांनी इग्नाशियसची गोष्ट सांगितली. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय जायबंदी, अनेक महिने अंथरुणावर, हाती आली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं, आणि मनात काय उठतंय, उठल्यावर मागे काय उरतंय, हे टिपायची लागलेली सवय. त्यातून पुढे मनन-चिंतनाची जी वही तयार झाली तिला १५४८ साली पोपनी मान्यता दिली. त्यात, फादर म्हणाले, मार्गदर्शकासाठी एक सूचना आहे. त्यानं तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहायचं, इकडेही झुकायचं नाही आणि तिकडेही नाही. निर्माणकर्त्याला त्याच्या माणसाशी थेट व्यवहार करू द्यायचा.

मी नगरची. बाजारात लहानपणापासून तराजू पाहिलेले. काटा मध्ये स्थिर आहे की नाही हे बघायला आई वाकून डोळे बारीक करायची. दुकानदाराचं बोट पारड्याला लागलेलं तिला लगेच कळायचं. फादरांचं बोलणं ऐकताना मला ते बोट आठवलं. आपल्याला वाटतं आपण फक्त तोलून देतोय, आणि करंगळी पारड्यावर असते. लग्न मोडू नये, घर फुटू नये, आपली मंडळी सोडून जाऊ नये. आपल्याला हवं असलेलं उत्तर आपण देवाच्या नावानं जड करतो.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण आपल्याच मराठी घरातलं आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या मठातल्या सिस्टर्सकडे राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा आणि त्यांच्या लहान मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक आई झाल्या. रमाबाई त्यांना पत्रांत 'आजीबाई' म्हणत. इंग्रजी पत्रात, इंग्लिश जोगिणीला, आजीबाई! तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परक्या देशात, आई-वडील उपासमारीच्या प्रवासात गमावलेल्या, नवरा दीड-दोन वर्षांतच गेलेल्या त्या विद्वान बाईला एक आजी हवी होती.

आजीबाईंनी प्रेम केलं, यात मला शंका नाही. पण त्यांना रमाबाई आपल्या साच्यात हव्या होत्या. रमाबाईंनी मांसाहार धरला नाही, तर त्यात त्यांना जुन्या जातीचा अहंकार दिसला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत जसाच्या तसा मानायला रमाबाई तयार नव्हत्या, तर ती बंडखोरी ठरली. चेल्टनहॅमला शिकवताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं आणि ते रमाबाईंनी ऐकावं अशी अपेक्षा होती. एक वाद तर क्रुसावरच्या अक्षरांवरून झाला. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. रमाबाईंनी विचारलं, लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? आपल्या लाडक्या देशाची सुंदर आणि जुनी भाषा म्हणून त्यांना संस्कृत हवी होती. देवभाषा म्हणून नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. केवढीशी जागा ती, दोन बोटं रुंद. पण त्या दोन बोटांवर कुणाची अक्षरं असावीत, हा प्रश्न लहान नव्हता. त्या क्रुसाचं ओझं तर त्यांच्याच गळ्यात होतं.

१८८५ च्या एका पत्रात रमाबाई सरळ लिहितात, की भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं सुटले आहे, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. मार्गदर्शन करणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवावं असं मला वाटतं. मी माझ्या शास्त्राच्या आतल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं आहे.

पण सिस्टर जेराल्डीनना नुसती नावं ठेवून मला पुढे जाता येत नाही. ही सगळी पत्रं आज आपल्यापर्यंत आली, १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती छापली, ती कुणामुळे? त्याच आजीबाईंमुळे. स्वतःला टोचणारी, स्वतःची चूक दाखवणारी पत्रंही त्यांनी सांभाळली आणि म्हातारपणी एकत्र लावून ठेवली. फाडून टाकणं किती सोपं होतं! हे करताना त्यांच्या मनात काय असेल, मी पुष्कळदा विचार करते. आणि रमाबाईंचं म्हणाल तर, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी आपल्याला धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. तो त्यांना पुढे, भारतात परतल्यावर, त्यांच्या वेळेला भेटला. कुणी कितीही ओढलं असतं तरी तो आधी भेटला नसता. त्याच बाईनं मग केडगावला मुक्तिसदन उभं केलं आणि हिब्रू-ग्रीक शिकून शास्त्र मराठीत आणलं.

याच्या अगदी उलट एक माणूस आहे, आणि त्याचं नावही नीट कुणी सांगत नाही. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर बोलणं निघालं, मग धर्मावर. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना नवा करार दिला, अभ्यास करा म्हणाले, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती भक्तिगीतांचा जो झरा पुढे वाहिला, ज्यातली भजनं आम्ही आजही दर रविवारी गातो, त्याच्या उगमापाशी हा एक प्रवासी आहे. तो आपल्या स्टेशनवर उतरून गेला. वॉर्डात आम्ही पाळी संपली की पुढच्या सिस्टरला चार्ज द्यायचो, पेशंट कसा आहे ते सांगायचो आणि निघायचो. कितीही जीव गुंतलेला असो, निघायचंच. त्या माणसानं टिळकांचा चार्ज देवाकडे दिला.

लूकच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर येशू असाच करतो. दोघे शिष्य तोंडं पाडून चाललेले. तो मध्येच सोबत होतो आणि आधी विचारतो, तुम्ही कशाविषयी बोलत चालला आहात? त्याला माहीत नसतं का? पण तो त्यांच्या तोंडून सगळं ऐकून घेतो, अगदी "आम्हाला आशा होती" इथपर्यंत. गाव आल्यावर तो पुढे जाण्याचा रोख दाखवतो. न बोलावता घरात शिरत नाही. आणि भाकर मोडताना त्यांनी ओळखलं, त्या क्षणी तिथून नाहीसा होतो. ओळख पटली, काम झालं.

टिळकांचा स्वभाव तापट, उतावळा. पण पत्नी लक्ष्मीबाईंच्या बाबतीत या उतावळ्या माणसाला पाच वर्षं थांबावं लागलं. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर दुरावलेल्या त्या परत आल्या त्या आपलं सोवळं-ओवळं सोबत घेऊन, आणि ते त्यांच्या मनातून त्यांच्याच विचारानं गळून पडेपर्यंत टिळकांनी वाट पाहिली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. आणि आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या पायाशी बसू पाहणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती. ते म्हणत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुकोबांनी तर सांगून ठेवलंच आहे, की उपदेश मेघानं पाऊस पाडावा तसा करावा, पण गुरूनं शिष्य करू नयेत. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, तुम्ही स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच आहे, तुम्ही सगळे भाऊ आहात. देहूची आणि गालीलाची ही दोन बोलणी मला एकाच आवाजात ऐकू येतात.

हे सगळं कळलेलं असूनही माझी परीक्षा व्हायची ती झालीच. शेंगा फोडत बसलेली ती बाई पुढे हळूहळू सावरली. देवाशी पुन्हा बोलायला लागली, आधी भांडायला आणि मग बोलायला. माझी खात्री होती की आता ती शुक्रवारच्या सभेत येईल. तिची जागा, खिडकीजवळची सतरंजी, मी मनात राखून ठेवली होती. एक दिवस ती म्हणाली, "ताई, मी बहिणीबरोबर हरेगावला जाते. नोव्हेनाला."

हरेगाव म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातलं मतमाउलीचं, म्हणजे येशूच्या आईचं, मरियेचं ठिकाण, आणि नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. सप्टेंबरात मरियेच्या जन्मदिवसाच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, सगळ्या जातीधर्मांची माणसं लोटतात. आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्या उपासनेत मरियेचं नाव नाताळात येतं, आणि तिच्यापुढे मेणबत्ती लावणं आम्हाला लहानपणापासून चूक म्हणून शिकवलेलं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "तिचा पण गेला ना, ताई. तिच्या डोळ्यांसमोर. तिला मला काही सांगावं लागत नाही."

माझ्या जिभेवर वचनं आली. देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच आहे, हे वचन तर पहिलं. ते मी मानते. पण करंगळी पारड्यावर जात होती हे मला अगदी स्पष्ट जाणवलं. त्यात सिद्धांत थोडा होता, आणि तिनं माझ्याकडे यावं ही इच्छा जास्त होती. मी विचारलं, "मी येऊ सोबत?"

आम्ही नगरहून एसटीनं निघालो. तिची बहीण हरेगावलाच भेटणार होती. राहुरी लागली तेव्हा टिळक कुटुंब इथे काही वर्षं राहिलं होतं असं मी तिला सांगितलं. तिनं खिडकीतून उसाकडे पाहत "हो का?" म्हटलं. तिचं लक्ष मांडीवरच्या पिशवीत होतं. हरेगावात पाऊस पडून गेलेला, चिखल, मेणबत्त्यांची दुकानं, लाउडस्पीकरवरची गीतं, आणि माणसांची लांबच लांब रांग. बहीण आधीच रांगेत उभी होती. माझ्या सोबतिणीनं पिशवीतून मुलाचा पासपोर्ट फोटो काढून मुठीत धरला, चपला काढल्या आणि पिशवी माझ्याकडे दिली. "तुम्ही येता आत?"

"तू जा. मी इथे थांबते."

मी तिच्या चपलांजवळ, पिशवी छातीशी धरून उभी राहिले. प्रार्थना केली. कुठल्या शब्दांत ते आता आठवत नाही. रांग हलत होती, थांबत होती. तिच्या पांढऱ्या केसांचा अंबाडा बराच वेळ दिसत राहिला, मग दिसेनासा झाला.

तासाभरानं ती बाहेर आली. डोळे सुजलेले होते. चपला घालताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. आम्ही मैदानाच्या कडेला एका झाडाखाली बसलो, बहीण पाणी आणायला गेली. तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेल्या भाकरी काढल्या, शेंगदाण्याची चटणी काढली, आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. आणि एकाएकी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, तिनं मुलाचं नाव घेतलं. "त्याला ना ताई, ही चटणी ताटात नको असायची. हातावर घ्यायचा. लहान होता तेव्हापासून. मी ओरडायची…"

"मग?" मी म्हटलं.

श्रीरामपूरची बस आमच्यासमोरून भरून गेली. त्यानंतरचीही गेली. ती बोलत होती.